देवाजवळ जायचंय पण प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही, त्यांच्यासाठी

जय ख्रिस्त. महिला मंडळाची मीटिंग संपली की चहाच्या वेळी हमखास कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, ताई मी प्रार्थनेला बसते पण मन लागत नाही हो, डोळे मिटले की गॅसवरचं दूध आठवतं, मुलाची फी आठवते, सासूबाईंचं बोलणं आठवतं, आणि आमेन म्हणून उठते तेव्हा वाटतं मी देवाशी बोललेच नाही. प्रत्येक जण आवाज बारीक करून विचारते, जसा काही मोठा गुन्हा झालाय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. मी पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरू नाही, बायबल कॉलेजला गेलेली नाही, 22 वर्षं स्टाफ नर्स आहे, मॉर्निंग इव्हनिंग नाईट ह्या शिफ्टमध्ये अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे इथे जे लिहितेय ते ड्युटी सांभाळून, पोरं सांभाळून करून बघितलेलं आहे. आम्ही प्रोटेस्टंट, मूळचे नगरकडचे, वसईकडच्या कॅथलिक भाऊबहिणींना काही शब्द वेगळे वाटतील पण काम तेच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकते. देव जवळ असणं आणि देव जवळ आहे असं वाटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी उपासनेत पेटी तबल्यावर गायन सुरू झालं की डोळे भरून येतात आणि वाटतं देव इथेच आहे, आणि सोमवारी सकाळी त्याच घरात त्याच खुर्चीत काहीच वाटत नाही, मग आपण म्हणतो देव लांब गेला. देव कुठे गेलेला नसतो. सलाईन लावलेल्या पेशंटला थेंब थेंब आत जाताना काही कळत नाही, तो म्हणतो सिस्टर काही फरक नाही, आणि चार तासांनी स्वतःच उठून पाणी मागतो. रोजच्या प्रार्थनेचं मला तसंच दिसलंय, त्या त्या दिवशी कळत नाही, सहा महिन्यांनी मागे वळून बघितलं तर कळतं की पूर्वी ज्या गोष्टीवर मी दोन दिवस धुमसत बसायचे ती आता तासाभरात निवते. याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात लिहिलंय, देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. तिथे देवाजवळ या म्हटलंय, कसं वाटतंय त्याचा हिशोब ठेवा असं कुठे म्हटलेलं नाही. तर आपलं काम यायचं, रोज यायचं, आणि थोडं का होईना खरं बोलायचं.

वेळ आणि जागा

सुरुवातीला 10 मिनिटं. एक तास ठरवू नका, प्लीज. उपवासकाळ म्हणजे ईस्टरच्या आधीचे दिवस सुरू झाले की उत्साहात लोक पहाटे 4 चा अलार्म लावतात, पाच दिवस उठतात, सहाव्या दिवशी झोपून राहतात आणि मग वर्षभर अपराधी वाटून घेतात. 10 मिनिटं ठरवा आणि ती पाळा, वाढायची असतील तर आपोआप वाढतील.

आणि वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. हे मला शिफ्टमुळे शिकावं लागलं, कारण माझी सकाळ कधी 5 ला असते तर कधी नाईट संपवून दुपारी 2 ला. मी ठरवलं की झोपून उठल्यावर पहिल्या चहाच्या आधी, मग चहा कितीही वाजता होऊ दे. चहाचं आधण ठेवायच्या आधी खुर्चीत बसायचं. आता चहाची तलफ आली की प्रार्थना आठवते. तुमचं काम वेगळं असेल, कुणाचं लोकल पकडल्यानंतरचं असेल, कुणाचं मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून वर आल्यानंतरचं, रिक्षावाल्या एका भावाचं पहिलं भाडं घ्यायच्या आधी स्टँडवर असतं. प्रभू येशू स्वतः अगदी पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जायचा हे मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांपैकी एकात, पहिल्याच अध्यायात 35 व्या वचनात आहे, आणि आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमून आजारी लोक बरे करून घेत होतं हे पण तिथेच वर लिहिलंय. म्हणजे त्याचीही एका अर्थी नाईट ड्युटीच झाली होती, तरी तो उठला. मला दमल्यावर ते वचन फार जवळचं वाटतं.

जागेचं बोलायचं तर मत्तयच्या 6 व्या अध्यायात प्रभू म्हणतो आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. आता एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे कुठली खोली आणि कुठलं दार. माझ्या आजीला लिहायला वाचायला येत नव्हतं, घरात दोन खोल्या आणि माणसं अकरा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची, झालं, तिची खोली तयार. तिने पदर ओढला की आम्हा पोरांना कळायचं की आता आजीला हाक मारायची नाही. तुम्हीही अशी एखादी खूण घरच्यांना शिकवून ठेवा. गॅलरीतली खुर्ची असेल, जिन्याची वरची पायरी असेल, मी हॉस्पिटलमध्ये चेंजिंग रूममधल्या बाकड्यावर बसते. मोबाईल मात्र हाताच्या अंतरावर नको. मोबाईलवर बायबल ॲप छान आहे, प्रवासात मी तेच वाचते, पण ह्या 10 मिनिटांना कागदाचंच पवित्र शास्त्र घ्या कारण मधेच व्हॉट्सॲप वाजलं की गेलं सगळं.

काय वाचायचं

1 जानेवारीला उत्पत्ती 1 पासून सुरू करणारे खूप जण असतात आणि फेब्रुवारीत लेवीयमध्ये होमबलीच्या नियमांपाशी पुस्तक मिटतं. पूर्ण बायबल एका वर्षात वाचायचं तर आपल्या 66 पुस्तकांचे 1189 अध्याय होतात, रोज तीनपेक्षा जास्त. जरूर वाचा कधीतरी, पण देवाशी ओळख वाढवायला सुरुवात करताय तर मार्क घ्या. 16 अध्याय आहेत, चारी शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, रोज एक अध्याय म्हटलं तर 16 दिवस. आणि अर्धाच अध्याय झाला तर अर्धाच.

वाचायची पद्धत सांगते. एकदा मोठ्याने वाचायचं, पुटपुटत चालेल, पण ओठ हलले पाहिजेत. मग तोच भाग परत सावकाश, आणि जिथे मन अडकेल तिथे थांबायचं, पुढे जायचंच नाही. अडकणं म्हणजे काहीही, एखादा शब्द टोचला, एखादा आवडला, एखादा समजलाच नाही. मग त्याच शब्दावर देवाशी बोलायचं. उदाहरण देते. मार्कच्या 4 थ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे, शंभर वेळा ऐकलेली, संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवलेली. एकदा सलग नाईट करून आल्यावर मी ती वाचत होते आणि उशी ह्या शब्दावर अडकले. प्रभू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. ही उशी फक्त मार्कने लिहिलीय, मत्तय आणि लूकमध्ये झोप आहे पण उशी नाही. इतका दमलेला माणूस की वादळात जाग येत नाही. मी नुसती रडले त्या दिवशी, की माझ्या देवाला थकवा म्हणजे काय ते आतून माहितेय. आणि पुढे बघा, शिष्य त्याला उठवून जवळजवळ ओरडतातच, आम्ही बुडतोय तुला काही काळजी आहे की नाही, आणि तो आधी वारा शांत करतो, तुम्हाला विश्वास नाही का हे नंतर विचारतो. ओरडून केलेली प्रार्थनासुद्धा त्याने ऐकली. त्या दिवशी माझं वाचन एवढंच झालं, एक शब्द. वहीत लिहिलं, उशी, आणि तारीख.

ही वही ठेवाच. साधी 40 पानी चालेल. रोज एकच ओळ, जिथे अडकलो ते. मोठं चिंतन लिहायला गेलात तर आठवड्यात बंद पडेल.

मार्क झाला की मत्तय 5, 6, 7 घ्या, डोंगरावरचं प्रवचन. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हातात दिला होता, त्यांनी वाचायचं म्हणून वाचायला घेतला आणि ह्याच अध्यायांपाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. पुढे 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढा विद्वान माणूस, वादविवादाने नाही वळला, वाचता वाचता वळला. म्हणून म्हणते घाई करू नका, ह्या तीन अध्यायांना महिना लागला तरी लागू दे.

बोलायचं कसं

आपल्याकडे प्रार्थना म्हटली की आवाज बदलतो आणि भाषा पण बदलते. हे सर्वसमर्थ, दयाघन, कृपावंत स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नतमस्तक होतो, इथपासून सुरुवात. उपासनेत ती भाषा शोभते, मला आवडतेही, लहानपणापासून कानात आहे. पण एकट्याने बोलताना ती भाषा वापरली की खरं बोलणं आतच राहतं. एक बघा, आमच्या घरी वडिलांना अहो दादा म्हणायची पद्धत, त्यांच्यासमोर मोठ्याने हसायचीही चोरी, पण देवाला मात्र आम्ही सगळे तू म्हणतो. आईला तू, देवाला तू. मराठीने आपल्याला हे किती सोपं करून ठेवलंय. मग त्या तू ला शोभेल असंच बोला ना. प्रभू, आज मला ड्युटीला जायचंच नाहीये. प्रभू, ह्या माणसाला मी माफ करणार नाही असं वाटतंय, काय करू सांग. असं.

मातृभाषेत बोलणं हे आपल्याकडे नवीन नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, म्हातारपण आणि आजारपण अंगावर घेऊन, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते पण साध्या बायकांना कळेल अशा भाषेत, आणि छपाईचं काम त्यांच्या मुक्ती मिशन ह्या आश्रमातल्या बायकांनीच केलं. 1922 साली त्या गेल्या, तोपर्यंत काम हातातच होतं. एवढ्या लोकांनी जीव ओतला तो आपण स्वयंपाकघरातल्या मराठीत देवाशी बोलावं म्हणूनच की. घरी अहिराणी बोलत असाल, वाडवळी बोलत असाल, कोकणी बोलत असाल तर तीच वापरा.

आणि शब्दच सुचत नसतील तर स्तोत्रं घ्या, हाच माझा मुख्य सल्ला आहे आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. बायबलमध्ये स्तोत्रांचं एक पुस्तकच आहे, त्यात 150 स्तोत्रं आहेत आणि ती वाचायची नसतात, म्हणायची असतात. बऱ्याच जणांना 23 पाठ असतं, 91 आणि 121 पाठ असतं, पण रडगाण्याची स्तोत्रं आपण टाळतो, वाटतं देवासमोर तक्रार कशी करायची. अहो तक्रार करायलाच दिलीत ती. स्वतः प्रभूने वधस्तंभावर 22 वं स्तोत्र म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि शेवटचा श्वास घेताना 31 व्या स्तोत्रातली ओळ म्हटली. मरणाच्या वेळी त्याच्या तोंडात लहानपणी शिकलेली स्तोत्रं आली.

13 वं स्तोत्र घ्या, फक्त 6 वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, किती वेळ. तू मला किती वेळ विसरणार, किती वेळ तोंड लपवणार, मी किती वेळ मनातल्या मनात झुरत राहू, शत्रू किती वेळ माझ्यावर वरचढ राहणार. इथे थांबा आणि तुमचे चार किती वेळ म्हणा. किती वेळ ह्यांची दारू. किती वेळ मुलाला नोकरी नाही. किती वेळ कोर्टाच्या तारखा. नावं घेऊन म्हणा. मग 3 आणि 4 वचनांत तो मागतो, माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश आण नाहीतर मी मेलोच. इथे एकच गोष्ट मागा, दहा नको. मग 5 व्या वचनात तो वळतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. आता हे नीट ऐका, ह्या 5 व्या वचनापर्यंत त्या दिवशी जाता आलं नाही तर जाऊ नका. खोटं खोटं म्हणू नका. 4 थ्या वचनाला थांबा, आमेन म्हणा, उद्या परत पहिल्यापासून. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हे एकच स्तोत्र तीन आठवडे म्हटलं आणि एका दिवशी स्वयंपाक करताना 5 वं वचन आपोआप तोंडात आलं त्यांच्या.

88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, शेवटचा शब्दच अंधार. तेही पवित्र शास्त्रात ठेवलंय देवाने. आणि 51 वं पापकबुलीचं, नाथान संदेष्ट्याने दाविदाला तोंडावर चूक दाखवल्यानंतरचं. पापकबुली करताना मोघम बोलू नका ही कळकळीची विनंती. आमच्या पापांची क्षमा कर, ह्यात आपण काहीच कबूल करत नाही. मी एकदा वॉर्डातल्या मावशींवर सगळ्यांसमोर ओरडले होते, चूक त्यांची नव्हती, माझीच फाईल चुकीच्या जागी होती. घरी येऊन प्रार्थना केली, प्रभू मला क्षमा कर, आणि आतून काही हललंच नाही, मग नीट बोलले, प्रभू मी माझी चूक झाकायला एका गरीब बाईला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं. हे वाक्य तोंडातून निघायला किती जड गेलं सांगू. आणि ते निघाल्यावर मला आपोआप कळलं की उद्या जाऊन मावशींची माफी मागायचीय, ती पण सगळ्यांसमोरच.

अडथळा कुठे आहे ते शोधा

सगळं करूनही प्रार्थना छताला आपटून खाली येते असं वाटत असेल तर एक गोष्ट तपासा, कुणाशी बोलणं बंद आहे का. माझं भावाशी बंद होतं, शेताच्या तुकड्यावरून, साडेतीन वर्षं. मी मंडळीत म्हणजे चर्चला जात होते, प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेत होते, मार्क मत्तय वाचत होते आणि मत्तय 5 मधलं ते 23 आणि 24 वचन दर वेळी घाईघाईने ओलांडत होते, की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. बघा ना, चूक कुणाची ते विचारलंच नाहीये. त्याच्या मनात काही आहे, एवढंच पुरे. आणि माझं सगळं म्हणणं हेच होतं की चूक त्याची आहे.

शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर घरी न जाता सरळ एसटी पकडली. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. दारात वहिनी होती, तिने पाणी आणून दिलं, भाऊ बाहेर आलाच नाही अर्धा तास. मग आला आणि म्हणाला जेवून जा. जमिनीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, तो सुटायला पुढे वर्ष लागलं आणि माझ्या मनासारखा सुटला असंही नाही. पण परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी प्रार्थना केली ती साडेतीन वर्षांतली पहिली खरी प्रार्थना होती, माझं मलाच कळलं. म्हणून ज्यांना वाटतं देव लांब आहे त्यांना मी आधी हेच विचारते. प्रत्येक नात्यात असं जाता येतंच असं नाही, जिथे मारहाण आहे, छळ आहे तिथे कुणी मला विचारलं तर मी जा म्हणणार नाही, तिथे आधी सुरक्षित राहा आणि पाळकांना किंवा विश्वासातल्या माणसाला सोबत घ्या. पण बहुतेकांचं भांडण माझ्यासारखंच असतं, तुकड्यावरून, लग्नातल्या मानपानावरून.

कोरडे दिवस

हे येणारच. कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, चर्चची दारं बंद, उपासना मोबाईलवर, आणि आम्ही पीपीई किट घालून वॉर्डात. त्या काळात मला प्रार्थना करता येत नव्हती. खरंच येत नव्हती, शब्द सुचायचे नाहीत, वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही. बेडवरचा माणूस घरच्यांना न भेटता जात होता आणि मी परमेश्वर माझा मेंढपाळ आहे एवढं एकच वाक्य, पुढचं काही नाही, मास्कच्या आत पुटपुटायचे. एका बेडपासून दुसऱ्या बेडपर्यंत चालताना एकदा. काही महिने माझं आध्यात्मिक जीवन म्हणाल तर तेवढं एक वाक्य होतं. आज मला वाटतं ते पुरलं.

कोरडेपणा आला की पहिल्यांदा शरीराकडे बघा, हे मी नर्स म्हणून पण सांगते. पहिल्या राजांच्या 19 व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला प्रवचन दिलं नाही, देवदूताने त्याला उठवलं आणि खायला दिलं, भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, तो खाऊन परत झोपला, मग परत उठवून परत खायला दिलं. हळू आवाजात देव बोलला तो त्याच्या बराच नंतर, चाळीस दिवसांचा प्रवास करून डोंगरावर पोचल्यावर. तर झोप पूर्ण होतेय का, जेवण वेळेवर आहे का, हिमोग्लोबिन कधी तपासलंय, हे बघा. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

मधे आठ दिवस, महिना, वर्ष खंड पडला तर काय? बॅकलॉग भरायला जाऊ नका, राहिलेले अध्याय मोजू नका, आजची तारीख टाकून आजचं करा. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने प्रभूला तीनदा नाकारलं आणि तो परत मासे धरायला गेला होता, तेव्हा प्रभूने किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजले आणि म्हणाला या, न्याहारी करा. जाब विचारायच्या आधी न्याहारी. योहान 21, वाचा एकदा सावकाश.

बाकीच्या थोड्या गोष्टी

मंडळी सोडू नका. घरी बसून यूट्यूबवर मोठमोठे उपदेश ऐकता येतात हे खरंय, पण तुमच्या आजारपणात डबा घेऊन येणारी माणसं त्याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या मंडळीत असतात. उपवास करायचा तर एखादं जेवण सोडा आणि ती वेळ आणि ते पैसे दोन्ही दुसऱ्याला द्या, डायबेटीसवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी उपाशी राहू नका, टीव्ही सोडा त्याऐवजी. हा मेसेज 10 जणांना पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल, असले मेसेज पुढे पाठवू नका, देव असा वागत नाही. आणि देवाशी सौदा पण नको, हे काम झालं की एवढं दान देईन. आपण नवस म्हणत नाही पण करतो तेच.

दुसऱ्यांसाठी प्रार्थना मात्र नक्की करा, आणि नाव घेऊन करा. सगळ्या आजाऱ्यांना बरं कर म्हणण्यापेक्षा मी हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेताना बेड नंबरप्रमाणे करते, 7 नंबरच्या आजोबांना आज लघवी होऊ दे, 11 नंबरच्या मुलीचा ताप उतरू दे, तिच्या आईला दोन तास झोप लागू दे. इतकं बारीक. असं करायला लागल्यापासून त्या माणसांकडे माझा हात जरा वेगळा जातो, सुई टोचतानासुद्धा.

रात्रीसाठी 4 थं स्तोत्र घ्या, 8 वचनं आहेत. अंथरुणावर पडल्यावर आधी दिवस उलटा आठवायचा, आत्तापासून मागे सकाळपर्यंत, कुठे देवाने सांभाळलं, कुठे मी कुणाला दुखावलं, दोनच प्रश्न. पहिल्याला थँक्यू प्रभू म्हणायचं, दुसऱ्याला क्षमा कर म्हणायचं, नाव घेऊन. मग शेवटचं 8 वं वचन, की मी शांतपणे पडतो आणि झोपी जातो कारण परमेश्वरा, तूच एकटा मला सुरक्षित ठेवतोस. मधेच झोप लागली तर लागू द्या. माझी आजी म्हणायची, आईच्या मांडीवर बोलता बोलता झोपलेल्या पोराला आई कधी रागावते का. उद्या सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मार्कचा पहिला अध्याय काढा, मोठ्याने वाचा, आणि वहीत तारीख टाका.